अर्ध्या इंचाची गोष्ट

क्लच म्हटलं की माझ्या मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक केसांना लावायचा आणि दुसरा लग्नात मिरवायचा, ज्यात मोबाइल आणि लिपस्टिक सोडून काही मावत नाही. तिसरा क्लच गाडीत असतो. तो आपण रोज शंभरदा दाबतो (सकाळी साडेनऊला हिंजवडीच्या रस्त्यावर असाल तर पाचशेदा), पण त्याचा विचार करायची वेळ कधी येत नाही. आता तर ऑटोमॅटिक गाड्या घरोघरी आल्यात, त्यामुळे आमच्यातल्या निम्म्या जणींचा तोही प्रश्न मिटला.

मी मात्र २०२४च्या जूनमध्ये सलग तीन आठवडे क्लच सोडून दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही. तोही माझ्या गाडीच्या नव्हे. इंग्लंडमधल्या, माझ्यापेक्षा जवळजवळ पंचवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका एमजीबी जीटीच्या!

त्याचं असं झालं की आईचे सख्खे काका, म्हणजे आमचे भाऊकाका, ऑक्सफर्डजवळ अबिंग्डनला एकटेच राहतात. नात्याने माझे आजोबा, पण घरातले लहानथोर सगळे त्यांना भाऊकाकाच म्हणतात. पुण्यातून डॉक्टर होऊन १९७४ साली ते तिकडे गेले, आयुष्यभर फॅमिली डॉक्टर म्हणून काम केलं आणि तिथेच रिटायर झाले. काकू जाऊन आता सहा वर्षं होतील. २०२२ मध्ये भाऊकाकांची बायपास झाली, आणि तेव्हापासून आईला रात्री झोप लागेना. "तू फ्रीलान्सर आहेस ना, मग लॅपटॉप घेऊन तिकडे बसलीस तर काय बिघडतं?" असं म्हणून तिने मला सहा आठवड्यांसाठी धाडलं. फ्रीलान्सर माणूस म्हणजे रिकामा माणूस, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. असो.

मी पोचले तेव्हा गॅरेजमध्ये एक मोरपिशी रंगाची, बुटकी, लांब नाकाची गाडी बोनेट उघडून उभी होती आणि भाऊकाका तिच्याकडे रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरसारखे बघत होते.

आता थोडं गाडीविषयी सांगायला हवं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. मूळ ऑक्सफर्डचं. आज पुण्यात हेक्टरच्या नाकावर जो अष्टकोनी बिल्ला दिसतो तो हाच, फक्त मालकी केव्हाच चिनी कंपनीकडे गेली आहे. एमजीबी ही त्या घराण्याची सगळ्यात गाजलेली स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात अबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त बनल्या, आणि १९८० मध्ये कारखानाच बंद झाला. जीटी म्हणजे तिचं पक्क्या छताचं भावंड, मागे नावापुरती एक सीट. या सीटवर पाचवीपर्यंत आमचा मामा, म्हणजे भाऊकाकांचा मुलगा, मावायचा. आणि एक गंमत सांगते. हिचं इंजिन बी-सिरीज घराण्यातलं, १७९८ सीसीचं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं धावत होतं. म्हणजे नखरा स्पोर्ट्स कारचा, पण नातं थेट आपल्या सरकारी पांढऱ्या गाडीशी!

१९७३ची ही गाडी भाऊकाकांनी १९७९ मध्ये सेकंडहँड घेतली. काकू ड्रायव्हिंग शिकल्या त्या हिच्यावर. नऊवारीतल्या आजेसासूबाईंना घेऊन त्यांनी हिच्यातून स्कॉटलंड गाठल्याची कथा आमच्याकडे अजून सांगितली जाते.

तर प्रॉब्लेम काय होता? इंजिनाच्या मागच्या बाजूला क्रँकशाफ्टचं एक सील असतं. ते गेलं, तेल झिरपून क्लच प्लेटवर आलं आणि चढावर क्लच घसरायला लागला. इंजिन गुरगुरतंय आणि गाडी जागेवर, असा प्रकार. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. गाडीची रचनाच तशी आहे. मग मे महिन्यात मँचेस्टरहून मामा आला, शेजारचे आजोबा आले (हे गृहस्थ तरुणपणी त्याच एमजीच्या कारखान्यात कामाला होते), इंजिन उचलायची क्रेन भाड्याने आणली. सील बदललं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं कोरं करकरीत बसवलं. क्लचचा जुना रबरी पाइप चिरलेला होता, तोही बदलला. इंजिन परत बसलं. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, टाळ्या वाजल्या. पहिला गिअर टाकायला गेले तर... खर्रर्रर्र!

इंजिन बंद असताना चारही गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडायचे. इंजिन सुरू केलं की एकही नाही. म्हणजे पेडल दाबूनही क्लच सुटत नव्हता.

मामाने तिथल्या तिथे निकाल दिला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बायपास झालेला बाप टनभर वजनाच्या लोखंडाशी खेळतोय म्हटल्यावर कुठल्याही मुलाची तीच अवस्था होईल. तो म्हणाला, "बाबा, इंजिन पुन्हा काढायचं असेल तर मी येणार नाही आणि तुम्हालाही काढू देणार नाही. गाडी विकायची." त्याने एक गिऱ्हाईकही शोधलं. चालती गाडी असती तर जे पैसे आले असते त्याच्या निम्म्याहूनही कमी, पण आहे त्या स्थितीत न्यायला तयार. तो ३० जूनला, रविवारी, येऊन बघणार होता. भाऊकाकांनी मान डोलावली. सौदा ठरला : बिघाड इंजिनाच्या आत असेल तर गाडी जाणार, बाहेर असेल तर राहणार.

मी पोचले ती ८ जूनला.

"हे बघ," भाऊकाका पहिल्याच दिवशी चहा पिताना म्हणाले, "मी चौतीस वर्षं फॅमिली डॉक्टर होतो. पोट दुखतंय म्हणून कोणी आलं की लगेच ऑपरेशनला पाठवत नाही आपण. आधी बाहेरून हात लावून बघायचं. बाहेरून कळतंय तेवढं सगळं कळल्याशिवाय उघडायचं नाही."

मग त्यांनी पाठकोऱ्या पाकिटावर मला चित्र काढून दाखवलं. मास कॉमच्या दोन वर्षांत मला एवढं स्वच्छ कोणी काही समजावलेलं आठवत नाही. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरत असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. सँडविचच म्हणा ना. पेडल दाबलं की सँडविच सैल व्हायला हवं. पण पेडल आणि सँडविच यांच्यामध्ये बरीच मंडळी आहेत. पेडल एका पिनेवरून दांडी ढकलतं, दांडी मास्टर सिलिंडरमधलं तेल ढकलते, तेल पाइपातून खाली स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, तिथली दांडी एक फोर्क ढकलते, फोर्क बेअरिंगला रेटतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर टेकतं आणि मग कुठे प्लेट सुटते. पेडलपासून स्लेव्हच्या दांडीपर्यंतचं सगळं बाहेरचं. त्यापुढचं बेलहाउसिंगच्या आतलं, ते बघायचं तर इंजिन काढा.

आतलं काय काय बिघडू शकतं याची त्यांनी यादीच सांगितली. प्लेट उलटी बसणं. बसवताना गिअरबॉक्सच्या शाफ्टवर इंजिनाचं वजन पडून प्लेट वाकणं. शाफ्टचं टोक ज्या छोट्या ब्राँझच्या बुशात फिरतं तो घट्ट होऊन शाफ्टला ओढत राहणं. ऐकताना मला गुगलवर आपला आजार शोधल्यासारखं झालं, प्रत्येक लक्षण जुळत होतं.

"मग कसं कळणार?"

"मोजून."

स्लेव्ह सिलिंडरची दांडी पेडल पूर्ण दाबल्यावर किती पुढे सरकते, हा सगळ्या प्रकरणाचा कळीचा आकडा. एमजीबीवाले साधारण अर्धा इंच धरतात, म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. दांडी तेवढी सरकत असेल आणि तरीही क्लच सुटत नसेल तर दोष आत. दांडीच कमी सरकत असेल तर आतल्या मंडळींना उगाच बदनाम करायचं नाही, चोर बाहेर आहे.

भाऊकाकांना गाडीखाली जायला डॉक्टरांची आणि मामाची, दोघांचीही बंदी. म्हणजे खाली कोण जाणार? माझी जुनी जीन्स, डोक्याला काकूंचा स्कार्फ आणि हातात मामाच्या शाळेच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, हे मला तीनदा ऐकवण्यात आलं. चार बाजूंना चार स्टँड लावले, भाऊकाकांनी गाडी हलवून बघितली, पुन्हा हलवून बघितली, मगच परवानगी.

"दाबू?"

"दाबा."

अंधारात बॅटरीच्या उजेडात ती बोटाएवढी दांडी सरकली. मी पट्टी धरली.

"आठ."

"नीट बघ."

"आठच आहे, भाऊकाका."

वरून काही क्षण आवाज आला नाही. मग म्हणाले, "आठ फार चांगलंय गं!" आयुष्यात मला आठ मार्कांवर कोणी शाबासकी दिल्याची ही पहिलीच वेळ.

आता पहिला संशयित हवा. तेल दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते. पाइपात हवेचा बुडबुडा असेल तर तुमच्या पायाचा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यातच खर्ची पडतो. रबरी पाइप बदलताना सिस्टिम उघडली होती, त्यामुळे हवा जाणं स्वाभाविकच. नंतर रीतसर ब्लीडिंग केलंही होतं, म्हणजे एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खालचा निपल सोडून तेल बाहेर काढायचं. पण हवेला वर जायची ओढ आणि आपण तिला खाली ढकलतोय. या गाड्यांमध्ये ती हमखास कुठेतरी दडून बसते.

तेव्हा शेजारच्या आजोबांनी उलटा फंडा सांगितला. तेलाच्या पिचकारीला नळी जोडायची, ती खालच्या निपलला लावायची आणि तेल खालून वर चढवायचं. हवा आपल्या पायाने वर जाते. मी खालून हळूहळू पिचकारी दाबत होते आणि भाऊकाका मास्टर सिलिंडरच्या डबीत डोकावून कॉमेंट्री करत होते. "आला, आला, एक आला... अगं, हा मोठा आला!" सोडावॉटरसारखे बुडबुडे येत होते म्हणे. (करणार असाल तर एक सूचना : डबीतलं थोडं तेल आधी काढून ठेवा आणि आजूबाजूला फडकी पसरा. ब्रेक फ्लुइड गाडीचा रंग खातं. तेच तेल क्लचलाही असतं.)

पुन्हा पट्टी. साडेदहा.

त्या रात्री आम्ही श्रीखंड आणलं. लंडनहून आलेलं, साडेचार पौंडांचं आणि अतिगोड, पण आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करून गिअर टाकला. खर्रर्र. पहिल्यापेक्षा कमी, पण खर्रर्र. इंजिन बंद करून, चौथ्या गिअरमध्ये, भाऊकाकांनी पेडल दाबून धरलं आणि मी आणि शेजारचे आजोबा मागून ढकलायला लागलो. क्लच पूर्ण सुटला असता तर न्यूट्रलमध्ये असल्यासारखी गाडी घरंगळली असती. ती हलली, पण कुरकुरत, कोणीतरी मागे ओढून धरल्यासारखी.

चार दिवस तिथेच अडकलो. मास्टर सिलिंडरचं आतलं सील जुनं होऊन तेल मागे सोडतंय का बघितलं : पेडल मिनिटभर दाबून धरलं, दांडी तसूभरही मागे आली नाही, म्हणजे तो निर्दोष. नवा पाइप दाबाने फुगतो का बघितलं, नाही. शेजारचे आजोबा भुवया वर करून फक्त "प्लेट..." एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. मला एक लेख द्यायचा होता, पावसाळी शूजवर. मी लॅपटॉप उघडून बसायचे आणि डोक्यात साडेदहा.

२२ तारखेला मी खाली आले तर भाऊकाका गाडीत बसून ग्लव्ह बॉक्स रिकामा करत होते. जुने नकाशे, चष्म्याचं घर, पेपरमिंटचा चिकट डबा. गिऱ्हाईकाला गाडी रिकामी करून द्यावी लागते ना. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

त्या पसाऱ्यातून एक वही निघाली. काकूंची. पेट्रोल किती, मैल किती, पैसे किती, सगळं मराठीत, त्यांच्या त्या मोत्यांसारख्या अक्षरात. मधूनमधून दुरुस्त्यांच्या नोंदी. भाऊकाका पानं उलटत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. १९९६, मार्च : "क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग नवीन. गॅरेजवाल्याने दोन दिवस घेतले. बिल बघून हे गप्प."

मी हसले. ते हसले नाहीत. ते पुन्हा मागे गेले, पुढे आले, बोट लावून एकेक दुरुस्ती वाचत राहिले.

"हिने इतकं बारीक लिहिलंय, वायपरचं रबरसुद्धा," ते म्हणाले. "पेडलच्या पिनेचा उल्लेख कुठे आहे?"

नव्हता. सतरा वर्षांच्या नोंदींत नव्हता आणि पुढच्या बावीस वर्षांतही नव्हता. म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडरची दांडी जोडणारी ती पिन बहुधा १९७३ साली कारखान्यातून निघाली तीच. पन्नास वर्षं तिच्यावर प्रत्येक सिग्नलला पाय पडला होता.

पेडलच्या वरच्या डब्याचं झाकण उघडलं, स्प्लिट पिन काढली आणि पक्कडीने ती पिन ओढली. करंगळीएवढी. मधोमध झिजून चक्क कंबर आली होती तिला! आणि पेडलच्या ज्या भोकातून ती जाते ते भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्याच्या आकाराचं झालं होतं. म्हणजे आपण पेडल दाबतोय, पण सुरुवातीचा काही प्रवास फक्त ही पोकळी भरून काढण्यात जातोय. शिवाय पेडल ही तरफ आहे. पिनेपाशी एखाद-दोन मिलिमीटर ढिल म्हणजे पायाशी त्याच्या कितीतरी पट. खाली फोर्कपाशी अशीच आणखी एक पिन होती, तिचीही तीच गत.

मग इतके दिवस गाडी चालत कशी होती? हा प्रश्न मी विचारलाच. भाऊकाकांचं म्हणणं असं की जुनी प्लेट झिजून पातळ आणि सपाट झालेली, तिला सुटायला थोडी हालचाल पुरायची. नवी प्लेट जाड, तिच्यात स्प्रिंगचा फुगीरपणाही शाबूत, तिला पूर्ण अर्धा इंच हवा. "म्हातारा नवरा-बायकोंना भांडण मिटवायला कमी बोलावं लागतं, तसं," ते म्हणाले. मी ते तंत्रज्ञान म्हणून लिहून घेतलं नाही.

पिना पोस्टाने तीन दिवसांत आल्या. दोन्ही मिळून पाच पौंडांच्या आत, श्रीखंडाच्या डब्याएवढ्या. शेजारच्या आजोबांनी पेडल घरी नेलं, ते अंडाकृती भोक वेल्डिंगने भरलं आणि पुन्हा गोल पाडून आणून दिलं. पैसे विचारले तर "चहा" म्हणाले. २७ तारखेला, गुरुवारी, मी पुन्हा गाडीखाली.

"दाबू?"

"दाबा."

"किती?"

मला पट्टीवरच्या रेघा नीट दिसेनात. बॅटरी हलत होती, किंवा मीच. "साडेबारा," मी म्हणाले. "साडेबारा, भाऊकाका. थोडं जास्तच."

इंजिन सुरू. पहिला गिअर, आवाज नाही. दुसरा, नाही. रिव्हर्स टाकला आणि पुन्हा हलकीशी खर्रर्र! माझं धस्स झालं. पण भाऊकाकांनी गिअर काढला, पेडल दाबून धरलं आणि मोठ्याने "एक, दोन, तीन, चार" म्हणून पुन्हा टाकला. या वेळी गुपचूप पडला. या गाडीच्या रिव्हर्सला सिंक्रोमेश नाहीच, आतली चक्रं थांबेपर्यंत धीर धरावा लागतो. चार आकडे मोजूनही खरखरला असता तर मात्र क्लच अजून ओढतोय असं म्हणावं लागलं असतं.

संध्याकाळी मामाचा फोन आला. भाऊकाकांनी स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामा म्हणाला, "एकट्याने हायवेवर जायचं नाही." भाऊकाका म्हणाले, "नाही जाणार." मामा म्हणाला, "बघू." आणि मग, "गिऱ्हाईकाला मी फोन करतो."

रविवारी आम्ही थेम्सच्या कडेने एक चक्कर मारली. भाऊकाका चालवत होते, मी शेजारी. पेट्रोल भरून परत आल्यावर त्यांनी वही आणि पेन माझ्या हातात दिलं. काकूंच्या शेवटच्या नोंदीखाली मी तारीख लिहिली, मैल लिहिले, पेट्रोल लिहिलं. त्याखाली, "क्लचच्या पिना दोन, नव्या. हवा काढली."

"किंमत?" ते म्हणाले. "ती किंमत लिहायची."

मी चार पौंड ऐंशी पेन्स लिहिलं.